सुवॉनीचे लोखंडी गडी

भांडण पैशांचं होतं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, कंबरलँड पठारावर सुवॉनी नावाचं एक लहान गाव आहे. तिथल्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’ या छोट्या संस्थेचा फुटबॉलमधला सगळ्यात मोठा सामना नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी व्हायचा. प्रेक्षक लोटायचे, तिकिटं खपायची आणि त्या गल्ल्यावर सुवॉनीच्या संघाचा बराचसा खर्च निघायचा. त्याच गल्ल्याच्या वाटणीवरून दोन्ही संस्थांचं बिनसलं आणि १८९९च्या हंगामात हा सामना झालाच नाही. डोंगरावरच्या संघाच्या जमाखर्चाला मोठं भगदाड पडलं.

ते बुजवायची जबाबदारी संघाच्या व्यवस्थापकावर होती. हा व्यवस्थापक पगारी माणूस नव्हता. ल्यूक ली त्याचं नाव. तोही तिथलाच विद्यार्थी, वय अवघं वीस. त्या काळी कॉलेजातला फुटबॉल बहुतांशी विद्यार्थीच चालवत. सामने ठरवायचे, समोरच्या संस्थेशी पैशांची बोलणी करायची, आगगाडीचा डबा ठरवायचा, हिशेब ठेवायचा, हे सगळं त्यांच्याच अंगावर असे. लीने नकाशा पुढे घेतला आणि व्हँडरबिल्टच्या एका सामन्याच्या जागी पाच सामने मांडले. ९ नोव्हेंबर, ऑस्टिन, टेक्सास विद्यापीठ. १० नोव्हेंबर, ह्यूस्टन, टेक्सास ए अँड एम. ११ नोव्हेंबर, न्यू ऑर्लिन्स, तुलेन. १२ तारखेला रविवार, म्हणून सुट्टी. ख्रिस्ती बिशपांनी काढलेल्या विद्यापीठाने रविवारी खेळणं शक्यच नव्हतं. १३ नोव्हेंबर, बॅटन रूज, लुइझियाना स्टेट. १४ नोव्हेंबर, मेम्फिस, मिसिसिपी विद्यापीठ.

सहा दिवसांत पाच सामने. जाऊन-येऊन प्रवास अडीच हजार मैलांचा, म्हणजे जवळपास चार हजार किलोमीटरचा. मुंबई-दिल्ली अंतर आगगाडीने तीनदा कापण्यासारखं.

हे वेळापत्रक म्हणजे पोरसवदा वेडेपणा, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण ज्याला पैसे जमवायचे आहेत त्याच्या जागी उभं राहून पाहिलं की त्यातला हिशेब कळतो. एवढ्या लांब जाऊन एकच सामना खेळला तर गाडीभाड्यातच सगळं संपणार. मुक्काम वाढवावा तर जेवणखाण आणि हॉटेलांचा खर्च वाढणार. रात्री गाडीत झोपायचं आणि रोज नव्या गावात उतरून खेळायचं, हाच त्यातल्या त्यात परवडणारा मार्ग होता. प्रश्न फक्त शरीरांचा होता.

तो किती मोठा होता हे कळायला त्या वेळचा खेळ डोळ्यांपुढे आणायला हवा. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन समोरच्या अकरा जणांच्या भिंतीतून घुसायचं असतं. आज त्यात चेंडू पुढे लांब फेकता येतो, त्यामुळे खेळ मैदानभर पसरतो. १८९९ साली पुढे फेकायला परवानगी नव्हती. ती मिळाली १९०६ साली. चेंडू आपल्याकडे ठेवायचा तर तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकावं लागे. म्हणून बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचे गडी मैदानाच्या मध्यावर एकमेकांवर आदळत, ढीग होई, पंच ढीग उपसत, आणि पुन्हा तेच. कबड्डीत एका चढाईवाल्यावर सात जण तुटून पडतात, तसं दोन्हीकडून एकाच वेळी, तासाहून अधिक वेळ. शिरस्त्राण सक्तीचं नव्हतं. पुष्कळ खेळाडू डोक्याला तेवढंच संरक्षण म्हणून केस वाढवत. चढाई करायलाही तेच अकरा आणि अडवायलाही तेच. एकदा बाहेर गेलेल्या गड्याला त्या सामन्यात परत येता येत नसे, त्यामुळे जखमी झालेला माणूसही उभा राहता येईतो मैदान सोडायला तयार नसे.

माणसं मरतही होती. दोनच वर्षांपूर्वी, १८९७च्या ऑक्टोबरात, अटलांटाच्या मैदानावर जॉर्जिया विद्यापीठाचा रिचर्ड व्हॉन गॅमन हा तरुण डोक्याला मार लागून कोसळला आणि गेला. जॉर्जियाच्या विधिमंडळाने राज्यात फुटबॉलवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. त्या मुलाच्या आईनेच, आपल्या मुलाचा प्राणप्रिय खेळ त्याच्या नावाने बंद करू नका, अशी विनवणी केली आणि गव्हर्नर ॲटकिन्सन यांनी कायद्यावर सही करायला नकार दिला. दक्षिणेत हा खेळ टिकला त्याला त्या आईचा मोठा हातभार आहे.

सुवॉनीची संस्थाही अशीच मरता मरता वाचलेली. १८५७ साली दक्षिणेतल्या एपिस्कोपल पंथाच्या बिशपांनी तिची कल्पना मांडली. उत्तरेच्या हार्वर्ड-येलकडे पाठवावं लागू नये म्हणून गुलामांच्या मालकांच्या मुलांसाठी आपल्याकडेच एक मोठं विद्यापीठ असावं, हा त्यांचा हेतू. पुढाकार घेणारे बिशप लिओनिडस पोक स्वतः शेकडो गुलामांचे धनी होते. १८६० साली कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटलं. पोक बिशपची वस्त्रं उतरवून गुलामगिरीवाल्या राज्यांच्या सैन्यात सेनापती झाले आणि १८६४ साली तोफेच्या गोळ्याने मारले गेले. उत्तरेच्या सैनिकांनी ती कोनशिलाही सुरुंग लावून फोडली. देणग्यांचे आकडे युद्धाबरोबर हवेत विरले. उरली ती डोंगरावरची हजारो एकर रानजमीन. इंग्लंडमध्ये फिरून झोळी पसरली गेली आणि १८६८च्या सप्टेंबरात नऊ विद्यार्थी नि चार शिक्षक यांच्यावर विद्यापीठ सुरू झालं. नावात सगळी दक्षिण, आणि प्रत्यक्षात लोणावळ्याइतक्या उंचीवरची, ओकच्या झाडांतली, काही शे विद्यार्थ्यांची गरीब शाळा. १८९१ साली तिथे फुटबॉल आला.

१८९९ साली लीने प्रशिक्षक म्हणून प्रिन्स्टनला खेळलेल्या बिली सूटरला आणलं. फुटबॉल तेव्हा ईशान्येच्या मोठ्या विद्यापीठांचा खेळ होता. डावपेच तिथे शिजायचे आणि दक्षिणेत उशिरा पोचायचे. सूटरमुळे ते थेट डोंगरावर आले. कर्णधार होता हेन्री साइबल्स, सगळे त्याला ‘डिडी’ म्हणत. ऑर्मंड सिमकिन्स चेंडू घेऊन भिंत फोडायचा आणि लाथेने तो लांब भिरकावण्यातही पटाईत होता. विल्यम क्लेबोर्नचा एक डोळा निकामी होता. सामना सुरू होताना तो समोरच्या गड्याला तो डोळा दाखवी आणि हा गेल्या सामन्यात गमावला, असं सांगून त्याची छाती दडपवून टाकी, अशी त्याची गोष्ट सुवॉनीत अजून सांगतात. खरी असो वा रचलेली, त्याचं ‘वाइल्ड बिल’ हे नाव मात्र पक्कं झालं.

हंगाम २१ ऑक्टोबरला अटलांटात सुरू झाला, जॉर्जियाविरुद्ध. १२-०. दोन दिवसांनी जॉर्जिया टेक, ३२-०. मग टेनेसी विद्यापीठ ४६-० आणि साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन ५४-०. चार सामने झाले, कोणालाही एक गुण करता आला नव्हता. अशा तयारीने संघ पठारावरून खाली उतरला.

निघाले वीसएक जण. स्वतंत्र शयनयान घेतलं होतं. बाहेरगावचं पाणी बाधायला नको म्हणून डोंगरावरच्या झऱ्याच्या पाण्याची पिंपं गाडीत चढवली होती. टायफॉइडच्या त्या काळात यात भाबडेपणा नव्हता. गाडी चालू लागल्यावर लक्षात आलं की बुटांची पिशवी मागेच राहिली! चिखलात पाय रोवता यावेत म्हणून खाली चामड्याचे उंचवटे ठोकलेले ते बूट. त्यांच्याशिवाय खेळणं म्हणजे घसरत बसणं. लीने वाटेतल्या स्टेशनावरून तारा केल्या, पिशवी मागच्या गाडीने निघाली आणि सामन्याआधी संघाच्या हाती पडली. ही हकिगत पुढे इतक्यांदा सांगितली गेली की तिला थोडं तिखटमीठ लागलं असणार. पण वीस वर्षांच्या व्यवस्थापकाच्या पोटात त्या रात्री केवढा गोळा आला असेल, याची मला कल्पना करता येते.

ऑस्टिनला टेक्सासचा संघ ताजातवाना होता, घरच्या मैदानावर होता. साइबल्सचं डोकं फुटलं. चिकटपट्टी लावून तो खेळत राहिला. सुवॉनी १२, टेक्सास ०. त्याच रात्री गाडी. दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एम, १०-०. सगळ्या दौऱ्यात सुवॉनीचे सगळ्यात कमी गुण याच सामन्यात झाले. पुन्हा गाडी, आता रात्रभराची, टेक्सास ओलांडून लुइझियानाच्या दलदलीतून पूर्वेकडे. शनिवारी न्यू ऑर्लिन्सला तुलेन, २३-०.

तीन दिवसांत तीन सामने झाले होते. अशा सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी अंग कसं होतं हे कुस्ती किंवा कबड्डी खेळलेल्या कोणालाही विचारावं. पहिल्या दिवशी मार जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी खांदा वर जात नाही, तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. हे सगळे तिसऱ्या दिवशीही मैदानात होते. गाडीतल्या बाकांवर त्यांची अंगं रगडण्याचं काम कॅल बरोज करत होते. संघाबरोबरचे हे मालीशवाले कृष्णवर्णीय होते. संघ ज्या विद्यापीठाचा होता तिथे त्यांच्या लोकांना प्रवेश नव्हता. ती दारं १९५३ साली किलकिली झाली, तीही फक्त धर्मशास्त्र विभागाची. आणि आगगाडी ज्या लुइझियानातून चालली होती, त्याच राज्याच्या रेल्वे डब्यांवरून झालेल्या खटल्यात तीन वर्षांपूर्वी, १८९६ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवणं कायदेशीर ठरवलं होतं. पाचही सामने तेच गडी पुन्हा उभे राहून खेळू शकले, यात बरोज यांच्या हातांचा वाटा साइबल्सच्या धावांपेक्षा कमी धरायला मी तयार नाही.

रविवारची विश्रांती फार मोलाची ठरली असावी, कारण सोमवारी बॅटन रूजला दौऱ्यातला सगळ्यात मोठा विजय झाला. लुइझियाना स्टेटविरुद्ध ३४-०. लगेच उत्तरेकडे मेम्फिसची गाडी, पुन्हा रात्रीचा प्रवास, आणि मंगळवारी १४ नोव्हेंबरला मिसिसिपी. इथे पाय जड झालेले असणार, तरीही १२-०.

पाच सामन्यांत सुवॉनीचे ९१ गुण, समोरच्या पाचही संघांचे मिळून शून्य. हे शून्य मला जास्त थोर वाटतं. दमलेला संघ एखाद्या झपाट्यात गुण करू शकतो. पण दमलेल्या संघाने अडवत राहणं, प्रत्येक वेळी जमिनीवरून उठून पुन्हा रांगेत उभं राहणं, आणि सहाव्या दिवशीही कोणाला रेषा ओलांडू न देणं, हे निव्वळ ताकदीचं काम नाही. एकमेकांवर पूर्ण भरवसा असल्याखेरीज ते होत नाही.

मेम्फिसच्या सामन्यानंतर सहा दिवसांनी कंबरलँड विद्यापीठाला ७१-० हरवलं आणि मग ३० नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, माँटगोमेरीला ऑबर्नशी गाठ पडली. ऑबर्नचा प्रशिक्षक होता जॉन हाइसमन. अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला आज जो मानाचा चषक देतात तो याच्याच नावाचा. त्याने आपल्या मुलांना वेग शिकवला होता: एक खेळी संपली की समोरच्यांना श्वास घ्यायला न देता लगेच पुढची. सुवॉनीची भिंत पहिल्यांदाच हलली. हंगामभरात त्यांच्याविरुद्ध झालेले सगळे, म्हणजे दहाच्या दहा गुण याच सामन्यातले. सुवॉनीने ११ केले. एका गुणाने सामना वाचला. तेव्हा टचडाऊनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपार नेला की, पाच गुण मिळत आणि त्यानंतर चेंडू दांड्यांमधून मारला तर आणखी एक, एवढासा फरक. हाइसमनला पंचगिरी पटली नाही आणि त्याने वर्तमानपत्रात पत्र लिहून जाहीर तक्रार केली. दक्षिणेतल्या क्रीडाप्रेमींना चघळायला हिवाळाभर विषय मिळाला.

दोनच दिवसांनी, २ डिसेंबरला, अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध शेवटचा सामना होता. ५-०. बारा सामने, बारा विजय, ३२२ गुण विरुद्ध १०. दक्षिणेचं विजेतेपद निर्विवादपणे सुवॉनीकडे गेलं. ‘आयर्न मेन’, लोखंडी गडी, हे नाव त्यांना चिकटलं ते कायमचं.

त्या गाडीतल्या मुलांचं पुढे काय झालं? क्लेबोर्न एपिस्कोपल धर्मगुरू झाला आणि त्याच डोंगराळ मुलखातल्या गरीब मुलांच्या शिक्षणासाठी त्याने आयुष्य घातलं. साइबल्स बर्मिंगहॅमला विमा व्यवसायात स्थिरावला. १९७३ साली त्याचं नाव कॉलेज फुटबॉलच्या सन्मानयादीत गेलं. ल्यूक लीला एका दौऱ्याची मांडणी करण्यात जी झिंग आली ती कधी उतरलीच नाही. १९०७ साली त्याने नॅशव्हिलला ‘टेनेसियन’ हे दैनिक काढलं, १९११ साली तो अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेला, पहिल्या महायुद्धात तोफखान्याचा कर्नल झाला. जानेवारी १९१९मध्ये तर काही सहकाऱ्यांना घेऊन तो मोटारींतून हॉलंडमधल्या आमेरोंगनच्या गढीवर जाऊन थडकला; तिथे आश्रयाला राहिलेल्या जर्मन कैसरला उचलून मित्रराष्ट्रांच्या ताब्यात द्यायचा त्याचा बेत होता. कैसर भेटलाच नाही, डच सैनिक जमू लागले, आणि लीला लष्कराकडून कानउघाडणी ऐकावी लागली. जागतिक मंदीत त्याचं आर्थिक साम्राज्य कोसळलं, बँक गैरव्यवहाराच्या खटल्यात शिक्षा होऊन तो तुरुंगात गेला, पुढे माफीही मिळाली. त्याच्या सगळ्या उलाढालींत पाच सामन्यांचा दौराच सगळ्यात नीट पार पडला, असं मला वाटतं.

ऑर्मंड सिमकिन्सबद्दल लिहिताना हात अडखळतो. मैदानावर झालेल्या दुखापती त्याच्या पायांना सोडून गेल्या नाहीत. पुढे त्याचे दोन्ही पाय कापावे लागले, आणि १९२१ साली तो वारला. ज्या पायांनी चेंडू सगळ्यांत लांब जायचा ते पाय. कौतुकाच्या लेखांत ‘लोखंडी’ हा शब्द भरपूर येतो, सिमकिन्सचं शेवटचं पर्व मात्र एखाद्या ओळीत आटोपतं.

खेळही तसा राहिला नाही. १९०५च्या हंगामात देशभर अठरा खेळाडू दगावल्याचं वर्तमानपत्रांनी मोजलं, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी बड्या विद्यापीठांना बोलावून घेतलं, आणि पुढच्या वर्षी नियम बदलले. मृत्यू कमी व्हायला वेळ लागला, पण चेंडू हवेत गेला आणि खेळ पाहायला अधिक देखणा झाला. प्रेक्षक वाढले, मैदानांची स्टेडियमं झाली. राज्य सरकारांच्या पैशांवरच्या विद्यापीठांत हजारो विद्यार्थी होते. त्यांतून निवडून, शिष्यवृत्त्या देऊन, पगारी प्रशिक्षकांचा ताफा ठेवून संघ उभे राहू लागले. सुवॉनीने १८९९ साली ज्यांना लोळवलं होतं त्यांतल्या जॉर्जिया, टेनेसी, ऑबर्न, लुइझियाना स्टेट, मिसिसिपी यांची ताकद वर्षागणिक वाढत गेली. डोंगरावरच्या कॉलेजात मात्र मुलं काही शेच राहिली.

१९३२ साली या बड्या संघांची साउथईस्टर्न कॉन्फरन्स स्थापन झाली, तेव्हा जुन्या लौकिकावर सुवॉनीलाही संस्थापकांत जागा मिळाली. आज हा गट अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या सगळ्यात दबदब्याच्या आणि सगळ्यात श्रीमंत गटांपैकी एक आहे. सुवॉनी त्यात आठ हंगाम खेळली. गटातले ३७ सामने झाले. एकही जिंकता आला नाही.

कुलगुरू अलेक्झांडर ग्वेरी यांच्यापुढे तेव्हा दोनच वाटा होत्या. पैसे ओतून बाहेरून खेळाडू आणायचे, किंवा बाहेर पडायचं. त्यांनी दुसरी धरली. १९४०मध्ये सुवॉनीने कॉन्फरन्स सोडली, खेळासाठीच्या शिष्यवृत्त्या बंद केल्या आणि आपल्याएवढ्याच लहान कॉलेजांशी खेळायचं ठरवलं. माजी विद्यार्थ्यांना हे झोंबलं असणार. मला मात्र हा निर्णय १८९९च्या दौऱ्याइतकाच हिमतीचा वाटतो. तेव्हा एका विद्यार्थ्याने खिशातल्या पैशांत काय बसतं ते पाहून दौरा आखला होता. चाळीस वर्षांनी कुलगुरूंनी तोच हिशेब केला आणि या वेळी उत्तर वेगळं आलं. कॉलेजचा संघ अजून आहे. शिष्यवृत्तीविना, वर्ग सांभाळून, तिसऱ्या श्रेणीत मुलं खेळतात. २०१२ साली कॉलेज फुटबॉलच्या सन्मान-संग्रहालयाने आजवरचा सर्वश्रेष्ठ ऐतिहासिक संघ निवडायला लोकांची मतं मागवली, तेव्हा अलाबामाच्या १९६१च्या संघाला मागे टाकून सुवॉनी १८९९ पहिला आला.

व्हँडरबिल्टशी झालेलं भांडण फार टिकलं नव्हतं. सामने पुन्हा सुरू झाले आणि चार दशकांहून अधिक काळ होत राहिले. शेवटचा झाला तो १९४४ साली. व्हँडरबिल्ट त्या बड्या गटात आजही आहे. सुवॉनीहून नॅशव्हिल मोटारीने दीड-दोन तासांवर आहे.